मत तेच, मोजणी वेगळी : डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि प्रमाणशीर प्रतिनिधित्व



१४ एप्रिल, २६ नोव्हेंबर आणि ६ डिसेंबर या तीन दिवशी आपल्या शाळांमधून बाबासाहेबांवर भाषणं होतात. मुलं महूचा जन्म सांगतात, साताऱ्याची शाळा सांगतात, चवदार तळं सांगतात, संविधान सांगतात. भाषण छान होतं, टाळ्या पडतात. पण एक गोष्ट या भाषणांत जवळजवळ कधीच येत नाही. ज्यांनी देशाला मताचा हक्क लिहून दिला, त्यांनी स्वतः किती निवडणुका लढवल्या, कोणत्या जिंकल्या आणि कोणत्या हरले? आणि जिंकण्या-हरण्यात मतं मोजण्याच्या पद्धतीचा किती हात होता?

हा प्रश्न आपल्यासाठी परका नाही. मुंबई सोडली तर राज्यातल्या महानगरपालिकांमध्ये, आपली वसई-विरार धरून, बहुसदस्यीय प्रभागाची पद्धत आहे. एका प्रभागातून सहसा चार नगरसेवक. जागा अ, ब, क आणि ड. आचोळ्यातला मतदार मतदानाला गेला की त्याला प्रत्येक जागेसाठी एकेक मत द्यायचं असतं. घरी मुलं विचारतात, चार मतं कशाला? चारही एकालाच दिली तर चालतं का? उत्तर आहे, नाही चालत. पण पूर्वी आपल्याच मुंबई प्रांतात असं चालत होतं, आणि त्या पद्धतीवर बाबासाहेबांचं बारीक लक्ष होतं. आजचा पाठ त्याबद्दल आहे. बाबासाहेबांचं चरित्र, पण मतपेटीच्या बाजूने पाहिलेलं.

बालपण आणि शिक्षण, थोडक्यात

हा भाग तुम्हाला पाठ आहे, म्हणून लांबवत नाही. भीमराव रामजी आंबेडकर यांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे झाला. वडील रामजी सकपाळ लष्करात सुभेदार. मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्यातलं आंबडवे. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी शाळेत त्यांचं नाव दाखल झालं. तोच दिवस आज महाराष्ट्रात विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. पुढे एल्फिन्स्टन हायस्कूल, एल्फिन्स्टन कॉलेज, बडोद्याच्या महाराजांची शिष्यवृत्ती, १९१३ मध्ये न्यूयॉर्कचं कोलंबिया विद्यापीठ, नंतर लंडन. १९१८ मध्ये ते मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले.

म्हणजे बघा, सार्वजनिक आयुष्यात पहिलं पाऊल टाकताना ते आपल्यासारखेच शिक्षक होते.

पहिली साक्ष : मत कोणाला?

त्या काळी इंग्रज सरकार कायदेमंडळांत हिंदी लोकांना थोडा जास्त वाटा देण्याच्या विचारात होतं. मत कोणाला द्यायचं हे ठरवण्यासाठी साउथबरो समिती आली होती. २७ जानेवारी १९१९ रोजी बाबासाहेबांनी तिच्यापुढे साक्ष दिली. वय होतं सत्तावीस.

तेव्हा मत सगळ्यांना नव्हतं. ज्याच्याकडे जमीन, घर, उत्पन्न, त्यालाच मत. बाबासाहेबांनी या अटीवरच बोट ठेवलं. ज्या माणसाला जातीमुळे जमीन घेता येत नाही, धंदा करता येत नाही, त्याच्याकडे मालमत्ता येणार कुठून? आणि मालमत्ता नाही म्हणून मत नाही असं म्हटलं तर ज्याला मताची सर्वांत जास्त गरज आहे तोच बाहेर राहणार. म्हणून अस्पृश्यांसाठी मताची अट खाली आणा आणि त्यांना आपले प्रतिनिधी आपण निवडता आले पाहिजेत, असं त्यांनी मांडलं.

मुलांना इथे एक फरक जरूर सांगा. मत असणं ही एक गोष्ट. त्या मताने आपला माणूस सभागृहात पोचणं ही दुसरी गोष्ट. बाबासाहेबांचं पुढचं सगळं राजकारण या दोन गोष्टींमधलं अंतर कमी करण्यासाठी होतं.

१९२८ ते १९३२ : पुणे करारापर्यंत

१९२६ च्या अखेरीस सरकारने त्यांना मुंबई कायदेमंडळावर नेमलं. निवडून आलेले नव्हेत, नेमलेले. मार्च १९२७ मध्ये महाडचा सत्याग्रह झाला. १९२८ मध्ये सायमन कमिशनपुढे बहिष्कृत हितकारिणी सभेच्या वतीने त्यांनी निवेदन दिलं. त्यात त्यांनी सर्व प्रौढांना मताचा हक्क आणि त्यासोबत संयुक्त मतदारसंघात राखीव जागा मागितल्या. सगळ्यांना मत मिळणार नसेल तर मात्र स्वतंत्र मतदारसंघ हवा, अशी त्यांची भूमिका होती.

पुढचा इतिहास तुम्हाला माहीत आहे. गोलमेज परिषदा झाल्या. ऑगस्ट १९३२ मध्ये जातीय निवाडा आला आणि अस्पृश्यांना स्वतंत्र मतदारसंघ मिळाला. गांधीजींनी येरवड्याच्या तुरुंगात उपोषण सुरू केलं. २४ सप्टेंबर १९३२ रोजी पुणे करार झाला. प्रांतिक कायदेमंडळांत निवाड्याने दिलेल्या ७१ जागांऐवजी १४८ जागा अस्पृश्यांसाठी राखीव झाल्या. त्यातल्या १५ मुंबई प्रांताच्या. पण मतदारसंघ संयुक्त राहिले.

जागा दुपटीने वाढल्या, मग अडचण काय? अडचण अशी, की राखीव जागेवर उमेदवार अस्पृश्य समाजाचा असेल, पण त्याला निवडणारे मतदार सगळे. ज्या गावात शंभरांत दहा-पंधराच मतदार त्या समाजाचे, तिथे निकाल उरलेल्या पंच्याऐंशींच्या हातात. जागा राखीव, पण निवड कोणाची? बाबासाहेबांना हा प्रश्न शेवटपर्यंत टोचत राहिला.

मतं एकवटण्याची मुभा

१९३५ चा कायदा आल्यावर मतदारसंघ कसे आखायचे आणि मतदान कसं घ्यायचं हे ठरवण्यासाठी हॅमंड समिती नेमली गेली. मुंबई प्रांतात राखीव जागेचा मतदारसंघ म्हणजे एकापेक्षा जास्त जागांचा मतदारसंघ. तिथे जितक्या जागा तितकी मतं प्रत्येक मतदाराला. आता प्रश्न आला : ही मतं वेगवेगळ्या उमेदवारांना वाटायचीच, की सगळी एकाला दिली तरी चालतील?

दिसायला प्रश्न बारीक आहे. पण त्यावर मोठा वाद झाला. अस्पृश्यांच्या बाजूने म्हणणं असं होतं की मतं एकवटण्याची मुभा हवी. समोरच्या बाजूचं म्हणणं, मतं वाटलीच पाहिजेत. मुंबई प्रांतात एकवटण्याची मुभा मिळाली. इंग्रजीत याला क्युम्युलेटिव्ह व्होटिंग म्हणतात. ही प्रमाणशीर प्रतिनिधित्वाकडे नेणारी एक साधी वाट. प्रमाणशीर प्रतिनिधित्व म्हणजे ज्या गटाला जितक्या प्रमाणात मतं, साधारण तितक्याच प्रमाणात जागा.

फळ्यावर हा हिशेब मांडून बघा. मुलांना लगेच कळतो.

वर्गात ४० मुलं आहेत. दोन वर्गप्रतिनिधी निवडायचे आहेत. प्रत्येकाला दोन मतं. २६ मुलांचा एक गट आहे, त्यांचे दोन उमेदवार. १४ मुलांचा दुसरा गट आहे, त्यांचा एक उमेदवार.

पहिली पद्धत, मतं वाटलीच पाहिजेत. मोठ्या गटाच्या दोन्ही उमेदवारांना प्रत्येकी २६ मतं. छोट्या गटाच्या उमेदवाराला १४. त्यांचं दुसरं मत मोठ्या गटाच्या उमेदवारालाच जाणार, नाहीतर वाया. निकाल : दोन्ही जागा मोठ्या गटाला.

दुसरी पद्धत, मतं एकवटता येतात. छोट्या गटाची १४ मुलं आपली दोन्ही मतं एकालाच देतात. त्याला झाली २८. मोठ्या गटाकडे एकूण ५२ मतं. दोन उमेदवारांत वाटली तर प्रत्येकी २६. निकाल : एक जागा मोठ्या गटाला, एक छोट्या गटाला.

मुलं तीच, आवडनिवड तीच, निकाल मात्र वेगळा. दोन जागा असतील तर एक तृतीयांशापेक्षा जरा जास्त लोक एकजुटीने राहिले की त्यांची एक जागा कोणी हिरावू शकत नाही. तीन जागा असतील तर एक चतुर्थांशापेक्षा जरा जास्त लोक पुरतात. ही पद्धत काही बाबासाहेबांनी शोधलेली नव्हती. इंग्लंडमध्ये १८७० च्या शिक्षण कायद्याने जी स्थानिक शाळा मंडळं झाली, त्यांची निवडणूक याच पद्धतीने होत असे. आपल्या शिक्षकांना ही गंमत माहीत असायला हवी.

१९३७ : विजय

१९३६ च्या ऑगस्टमध्ये बाबासाहेबांनी स्वतंत्र मजूर पक्ष काढला. नावातच बघा, जात नाही, मजूर आहे. १९३७ च्या निवडणुकीत पक्षाने १७ उमेदवार उभे केले आणि त्यांतले डझनाहून अधिक निवडून आले. स्वतः बाबासाहेब मुंबईच्या भायखळा-परळ भागातून उभे होते. समोर काँग्रेसने उभं केलं होतं पळवणकर बाळू यांना. हे बाळू म्हणजे त्या काळचे नामांकित फिरकी गोलंदाज, ज्यांना मैदानावर टाळ्या आणि चहाच्या वेळी वेगळा पेला मिळत असे. दोघांबद्दलही लोकांना आदर होता. लढत अटीतटीची झाली. बाबासाहेब सुमारे २ हजार मतांनी निवडून आले.

निवडून येऊन काय केलं, हेही सांगायला हवं. सप्टेंबर १९३७ मध्ये त्यांनी कोकणातली खोती पद्धत रद्द करण्याचं विधेयक मांडलं. जानेवारी १९३८ मध्ये हजारो कुळं मुंबईत मोर्चाने आली. त्यांत नुसते महार शेतकरी नव्हते, कुणबीही होते. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये कामगारांच्या संपावर बंधन आणणाऱ्या विधेयकाविरुद्ध एक दिवसाचा संप झाला. सभागृहात मोजके सदस्य असले तरी प्रश्न मांडले जातात, चर्चा होते, सरकारला उत्तर द्यावं लागतं. छोट्या पक्षाला जागा मिळण्याचा उपयोग तो हाच.

१९४६ : एका पद्धतीने हरले, दुसऱ्या पद्धतीने पोचले

१९४२ मध्ये नागपुरात शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनची स्थापना झाली. त्याच वर्षी बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले. पण १९४६ च्या प्रांतिक निवडणुकांत फेडरेशनचा धुव्वा उडाला. मुंबई कायदेमंडळात एकही सदस्य नाही.

आता संविधान सभा व्हायची होती. तिचे सदस्य प्रांतांच्या कायदेमंडळांनी निवडायचे होते. ज्यांचा मुंबईत एकही आमदार नाही, ते संविधान सभेत जाणार कसे?

इथे पद्धत कामी आली. ही निवड प्रमाणशीर प्रतिनिधित्वाने, एकल संक्रमणीय मताने होणार होती. नाव अवघड आहे, गोष्ट सोपी आहे. मतदार उमेदवारांना १, २, ३ असा पसंतीक्रम देतो. निवडून यायला मतांचा एक ठरावीक कोटा लागतो. एखाद्याला कोट्यापेक्षा जास्त मतं पडली तर जास्तीची मतं पुढच्या पसंतीकडे सरकतात. जो शेवटी राहतो त्याची मतंही वाया जात नाहीत, तीही पुढच्या पसंतीला जातात. त्यामुळे सभागृहातला छोटा गटसुद्धा, कोट्याएवढे सदस्य जमवले तर, आपला माणूस पाठवू शकतो.

बंगालमध्ये जोगेंद्रनाथ मंडल होते. त्यांनी आणि काही सदस्यांनी मिळून बाबासाहेबांना बंगालमधून निवडून दिलं. पुढे फाळणीने बंगालचं चित्र बदललं आणि ती जागा गेली. मग बॅरिस्टर मु. रा. जयकरांच्या राजीनाम्याने रिकाम्या झालेल्या जागेवर जुलै १९४७ मध्ये मुंबईने त्यांना निवडलं. २९ ऑगस्ट १९४७ रोजी मसुदा समिती नेमली गेली आणि ते तिचे अध्यक्ष झाले.

पण पहिला दरवाजा उघडला तो बंगालमध्ये, पसंतीक्रमाच्या मताने. साध्या बहुमताने सगळ्या जागा मोठ्या पक्षालाच मिळाल्या असत्या, तर १९४६ मध्ये ते त्या सभेत बसलेच नसते.

४ जानेवारी १९४९ : नाही म्हणण्याचा दिवस

आता पाठातला सर्वांत अवघड भाग. इथे मुलांची नव्हे, आपलीच परीक्षा आहे.

४ जानेवारी १९४९ रोजी संविधान सभेत लोकसभेच्या निवडणुकीची चर्चा होती. मध्यप्रांत-वऱ्हाडचे सदस्य काझी सय्यद करीमुद्दीन यांनी दुरुस्ती मांडली : निवडणूक प्रमाणशीर प्रतिनिधित्वाने व्हावी, मतदारसंघ अनेक जागांचे असावेत आणि मतं एकवटण्याची मुभा असावी. म्हणजे जवळजवळ तीच गोष्ट, जी १९३७ मध्ये मुंबई प्रांतात होती.

बाबासाहेबांनी ती दुरुस्ती स्वीकारली नाही.

त्यांची कारणं दोन होती. पहिलं, साक्षरता. पसंतीक्रम लावायचा तर मतदाराला निदान आकडे वाचता-लिहिता यायला हवेत. १९५१ च्या जनगणनेत देशातली साक्षरता अवघी १८ टक्क्यांच्या आसपास निघाली, यावरून कल्पना करा. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत तर प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी ठेवावी लागली. पेटीवर चिन्ह, आणि मतदाराने फक्त कागद त्या पेटीत टाकायचा.

दुसरं कारण, स्थिर सरकार. संसदीय पद्धतीत सरकार सभागृहाच्या बहुमतावर उभं असतं. प्रमाणशीर पद्धतीने सभागृहात अनेक छोटे गट आले, तर सरकार आज उभं आणि उद्या पडलं अशी गत होईल. नुकत्याच स्वतंत्र झालेल्या, फाळणीने पोळलेल्या देशाला हे परवडणारं नाही, असा त्यांचा विचार होता. अनुसूचित जातींसाठी राखीव जागांची तरतूद मसुद्यात होतीच.

लक्षात घ्या, याच बाबासाहेबांनी १९४७ च्या मार्चमध्ये संविधान सभेसाठी लिहिलेल्या निवेदनात पंतप्रधान आणि मंत्रीसुद्धा सभागृहाने एकल संक्रमणीय मताने निवडावेत, असं सुचवलं होतं. म्हणजे त्यांना ही पद्धत कळत नव्हती किंवा नकोशी होती असं मुळीच नाही. एका समाजाचा पुढारी म्हणून मागणी मांडणं वेगळं आणि साऱ्या देशाच्या घटनेचा मसुदा सांभाळणं वेगळं. त्यांनी दोन्ही बाजू तोलल्या आणि त्या घडीला स्थैर्याच्या बाजूने कौल दिला.

तरी पद्धत घटनेतून पूर्ण गेली नाही. राष्ट्रपती, उपराष्ट्रपती, राज्यसभा आणि विधान परिषदेतले आमदारांनी निवडायचे सदस्य, या निवडणुका आजही एकल संक्रमणीय मताने होतात. वर्गात उदाहरण द्यायचं तर महाराष्ट्राचंच घ्या. विधानसभेत २८८ आमदार. समजा राज्यसभेच्या ६ जागा भरायच्या आहेत आणि सगळ्यांनी मतदान केलं. २८८ ला ७ ने भागा, ४१ च्या वर येतं. म्हणजे ४२ आमदारांची पहिली पसंती मिळाली की जागा पक्की. जिथे मतदार आमदार आहेत, म्हणजे वाचता-लिहिता येणारे, आणि जिथे सरकार टिकण्याचा प्रश्न नाही, तिथे ही पद्धत ठेवली. दोन्ही कारणांशी हे जुळतं, हे मुलांना दाखवून द्या.

सोपाऱ्याचा स्तूप आणि मतांच्या काड्या

२५ नोव्हेंबर १९४९ च्या समारोपाच्या भाषणात बाबासाहेबांनी एक जुनी आठवण देशाला करून दिली. लोकशाहीचे नियम आपल्याकडे परदेशातून आले असं नाही. बौद्ध भिक्खूसंघात ठराव मांडणं, गणपूर्ती, मतं मोजणं, गुप्त मतदान हे सगळं होतं.

संघात मतदानासाठी शलाका वापरत. शलाका म्हणजे लाकडाच्या छोट्या काड्या. त्या वाटण्यासाठी आणि गोळा करण्यासाठी एका विश्वासू भिक्खूची निवड होत असे.

आपल्या मुलांसाठी ही गोष्ट लांबची नाही. आचोळ्याहून रूळ ओलांडून पश्चिमेला गेलं की सोपाऱ्याचा स्तूप, ज्याला गावातले जुने लोक बुरूड राजाचा कोट म्हणत. १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी तिथे उत्खनन केलं. सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडाही सोपाऱ्यालाच सापडला. तिथे सहल नेलीत तर नुसता इतिहास सांगू नका. काड्या घेऊन जा आणि तिथेच मुलांकडून एक मतदान करून घ्या.

१९५२ : पराभव

१९५१ मध्ये लोकप्रतिनिधित्व कायदा झाला. तेव्हा कायदामंत्री बाबासाहेबच होते आणि विधेयक त्यांनीच संसदेत मांडलं होतं. राखीव जागांसाठी दोन जागांचे मतदारसंघ ठेवले गेले. एक जागा सर्वसाधारण, एक राखीव. मतदाराला दोन मतं. पण कलम ६३ ने एक अट घातली : एका उमेदवाराला एकच मत. दोन्ही दिली तर दुसरं बाद.

म्हणजे मतं एकवटण्याची मुभा गेली. कायदा एकट्या मंत्र्याचा नसतो, मंत्रिमंडळाचा आणि संसदेचा असतो. तरीही ज्यांच्या सहीशिक्क्याने तो पुढे आला, त्यांच्याच वाट्याला त्याची पहिली झळ आली.

मंत्रिपदाचा राजीनामा देऊन बाबासाहेब उत्तर मुंबईतून लोकसभेला उभे राहिले. समाजवादी पक्षाशी समझोता होता आणि जोडीला अशोक मेहता होते. मतदान जानेवारी १९५२ मध्ये झालं. राखीव जागेवर काँग्रेसचे नारायण काजरोळकर १,३८,१३७ मतं घेऊन निवडून आले. बाबासाहेबांना १,२३,५७६ मतं पडली. फरक १४,५६१ चा. आणि याच मतदारसंघात ७४,३३३ मतं बाद ठरली होती. कम्युनिस्ट पक्षाने आपल्या मतदारांना दोन्ही मतं एकाच उमेदवाराला द्यायला, म्हणजे दुसरं मत वाया घालवायला सांगितलं, अशी तक्रार बाबासाहेब आणि अशोक मेहता यांनी केली. पण निकाल बदलला नाही.

इथे आपण शिक्षकांनी जपून बोलायला हवं. मतं एकवटण्याची मुभा असती तर ते निवडून आलेच असते, असं छातीठोक सांगता येणार नाही. मुभा सगळ्यांनाच मिळाली असती. पण एवढं नक्की, की १९३७ मध्ये त्यांच्या मतदाराच्या हातात जे हत्यार होतं, ते १९५२ मध्ये नव्हतं.

त्याच वर्षी ते राज्यसभेवर गेले. कसे? मुंबई राज्याच्या आमदारांनी निवडून दिलं, प्रमाणशीर प्रतिनिधित्वाने. लोकांच्या थेट निवडणुकीत बंद झालेला दरवाजा पुन्हा एकदा पसंतीक्रमाने उघडला.

१९५४ मध्ये भंडाऱ्याच्या पोटनिवडणुकीत ते पुन्हा लोकसभेला उभे राहिले. पुन्हा दोन जागा, पुन्हा दोन मतं, पुन्हा अशोक मेहतांची जोडी. त्या निवडणुकीच्या आठवणी सांगणारे सांगतात, की दुसरं मत कोणालाच देऊ नये, ते वाया घालवावं, असा कार्यकर्त्यांचा आग्रह होता. तसं केलं तर समोरच्याची मतं वाढत नाहीत. बाबासाहेबांनी ते मानलं नाही. ज्याने घटनेचा मसुदा केला त्यानेच लोकांना मत फुकट घालवायला सांगायचं, हे त्यांना पटणारं नव्हतं. निकाल लागला. अशोक मेहता निवडून आले आणि बाबासाहेब सुमारे ८ हजार मतांनी हरले.

१९५५ : पुन्हा तीच मागणी

१९५५ मध्ये भाषावार राज्यांचा प्रश्न पेटला होता. बाबासाहेबांनी त्यावर इंग्रजीत एक पुस्तिका लिहिली. त्यात त्यांना एक भीती वाटत होती : भाषावार राज्यात एखादी मोठी जात बहुसंख्य असली तर गावोगावच्या छोट्या जातींचं काय? त्यांची मतं कायम पाण्यात जाणार का? उपाय म्हणून त्यांनी सुचवलं, की एका जागेच्या मतदारसंघांऐवजी दोन किंवा तीन जागांचे मतदारसंघ करा आणि मतदाराला मतं एकवटण्याची मुभा द्या.

म्हणजे १९४९ मध्ये जी दुरुस्ती नाकारली, तिच्यातला एक महत्त्वाचा भाग सहा वर्षांनी त्यांनी स्वतःच्या लेखणीने परत मागितला. त्याच वर्षी त्यांच्या पक्षाने राखीव मतदारसंघ बंद करण्याचा ठरावही केला होता. राखीव जागेने माणूस पोचतो, पण तो आपल्याला उत्तर देतोच असं नाही, हा अनुभव त्यामागे होता.

पुढच्या वर्षी, १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात त्यांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. ६ डिसेंबर १९५६ रोजी दिल्लीत त्यांचं निधन झालं. त्यांच्या मनातला रिपब्लिकन पक्ष १९५७ मध्ये त्यांच्या पश्चात स्थापन झाला. दोन जागांचे मतदारसंघ १९६१ च्या कायद्याने बंद झाले. मतं एकवटण्याची सूचना कागदावरच राहिली.

आज हा पाठ का शिकवायचा?

कारण त्या दोन कारणांपैकी एक आज तितकं उरलेलं नाही. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रातली साक्षरता ८२ टक्क्यांच्या वर होती. १, २, ३ लिहिणं आता बहुतेकांना जमतं.

दुसरं कारण मात्र अजून उभं आहे. आजच्या पद्धतीत ज्याला सर्वांत जास्त मतं तो निवडून येतो, बाकीची मतं निकालात दिसत नाहीत. १९८४ मध्ये काँग्रेसला सुमारे ४९ टक्के मतांवर लोकसभेत ४०० हून जास्त जागा मिळाल्या. २०१४ मध्ये भाजपला सुमारे ३१ टक्के मतांवर २८२. त्याच निवडणुकीत बहुजन समाज पक्षाला देशभरात ४ टक्क्यांच्या आसपास मतं पडली आणि जागा एकही नाही. या पद्धतीने स्पष्ट बहुमताचं सरकार येतं, हे खरं. आणि कोट्यवधी मतदारांचा आवाज सभागृहात पोचत नाही, हेही खरं. १९९९ मध्ये विधी आयोगाने लोकसभेच्या जागा २५ टक्क्यांनी वाढवून तेवढ्या पक्षांच्या मतांच्या प्रमाणात भराव्यात असं सुचवलं होतं. ते झालं नाही. नेपाळने मात्र २००८ च्या संविधान सभेपासून दोन्ही पद्धती एकत्र वापरल्या, आणि तिथे सरकारं वारंवार बदलतात, हेही आपण पाहतो.

तेव्हा कोणती पद्धत बरोबर, हे मुलांना आपण सांगायचं नाही. ते त्यांनी ठरवायचं. आपण त्यांना एवढंच दाखवायचं, की मोठ्यातला मोठा माणूसही अनुभवाने पुन्हा विचार करतो. देशाला गरज होती तेव्हा बाबासाहेबांनी आपल्या फायद्याची पद्धत बाजूला ठेवली. तिची किंमत स्वतः मोजली. आणि नंतर, राग म्हणून नव्हे तर विचार म्हणून, ती पुन्हा मांडली.

वर्गात करून बघा

१. वर्गातल्या दोन प्रतिनिधींची निवड तीन वेळा घ्या : मतं वाटून, मतं एकवटून आणि पसंतीक्रमाने. तिन्ही निकाल फळ्यावर शेजारी-शेजारी लिहा. तुलना मुलांनाच करू द्या.

२. प्रत्येक निकालानंतर विचारा : ज्यांचा उमेदवार हरला त्यांना कसं वाटतंय? त्यांचं म्हणणं आता वर्गात कोण मांडणार?

३. आठवी ते दहावीच्या मुलांना दोन गट करून वाद घालायला लावा. एक गट स्थिर सरकारच्या बाजूने, एक गट प्रत्येक मताला वाटा मिळावा या बाजूने. मग गट अदलाबदल करा.

४. पालकांसाठी : महापालिकेच्या पुढच्या निवडणुकीत मतदान करून घरी आलात की मुलांना सांगा, चार मतं कशी दिली. कोणाला दिली ते नाही, कशी दिली ते. मतदानाची पद्धत घरात बोलली गेली की मूल मोठं होऊन मतपेटीपुढे गोंधळत नाही.

पुढच्या ६ डिसेंबरला एखाद्या मुलाने भाषणात १९३७ आणि १९५२ ही दोन्ही वर्षं सांगितली, आणि दोन्हींतला फरक समजावून सांगितला, तर हा पाठ पोचला असं समजायला हरकत नाही.